शेवटच्या ओळीतली डोकेदुखी

पत्र: काका, आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. घर १९७८ सालचं, विटांचं धुराडं बाहेरच्या भिंतीला लागून. घर गरम करणारी गॅसची फर्नेस २४ वर्षांची झाली, या थंडीआधी बदलायची आहे. एका काँट्रॅक्टरने ९६ टक्के कार्यक्षमतेची फर्नेस सुचवली आहे. तिचे दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप बाजूच्या भिंतीतून काढू म्हणतो. गॅसचा ४० गॅलनचा वॉटर हीटर ठीक चालतोय, तो तसाच धुराड्याला ठेवायचा. दुसरा एक ओळखीचा माणूस परमिट न काढता, रोखीत, बराच स्वस्तात करून देतोय. नोव्हेंबरात सासूबाई-सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येणार, त्यांची खोली बेसमेंटमध्ये फर्नेसशेजारीच काढतोय. आवाज नको म्हणून फर्नेस आणि हीटर एका कपाटात घेऊन घट्ट दार लावायचं ह्यांच्या मनात आहे. प्लास्टिकचे पाइप चालतात का? परमिट खरंच लागतं का?
ता. क. गेल्या थंडीत मुलगा बेसमेंटमध्ये अभ्यासाला बसला की तासाभरात त्याचं डोकं दुखायचं, बाहेर खेळायला गेला की थांबायचं. शनिवार-रविवारी जास्त. आता खिडक्या बंद झाल्यापासून पुन्हा सुरू झालंय. डोळे तपासून घेणार आहोत.

ताई,

तुमचं पत्र मी उलटं वाचलं. आधी ता. क., मग बाकीचं. डोळ्यांचा डॉक्टर आठवडाभर थांबू शकतो, हे थांबू शकत नाही.

घरात विशिष्ट जागी बसलं की डोकं दुखतं आणि बाहेर गेलं की उतरतं, ही तक्रार ऐकली की फर्नेस तपासत हिंडणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट येते: कार्बन मोनॉक्साइड, गॅस नीट न जळता तयार होणारा विषारी वायू. तसं असेलच असं नाही, खरोखर चष्माही लागला असेल. पण तुम्ही "शनिवार-रविवारी जास्त" असं लिहिलंय आणि तिथे मी अडकलो. सुट्टीच्या दिवशी घरात काय चालतं? सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ, म्हणजे हीटर सतत पेटलेला. कपड्यांचा ड्रायर चालू. आणि स्वयंपाकघरात, मला वाटतं, आठवड्याभराचं साग्रसंगीत, म्हणजे शेगडीवरची धूर-वास ओढणारी चिमणी पूर्ण जोरात. या तिन्ही गोष्टींचा आणि बेसमेंटमधल्या डोकेदुखीचा संबंध काय, ते पुढे सांगतो. आधी आज काय करायचं ते.

आजच हार्डवेअरच्या दुकानातून कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म आणा. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २००७ पासून झोपण्याच्या प्रत्येक खोलीपासून १५ फुटांच्या आत असा अलार्म असणं कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्याकडे आधीच असेल तर तो उलटा करून मागची तारीख बघा. यांचं आयुष्य ५ ते १० वर्षांचं असतं, त्यानंतर तो भिंतीवरचा दागिना. मग गॅस कंपनीच्या आणीबाणीच्या नंबरवर फोन करून नेमकं सांगा की मुलाचं डोकं दुखतंय. हे शब्द ऐकले की ते माणूस पाठवतात आणि मीटर लावून हवा तपासतात. तोवर मुलाला वर बसवा. ते येण्याआधी कुणाला मळमळ, चक्कर, गुंगी वाटली तर खिडक्या उघडत बसू नका. सगळे बाहेर पडा आणि अंगणातून ९११ लावा.

कोविडमध्ये आपण सगळ्यांनी घेतलेला तो बोटाचा ऑक्सिमीटर या बाबतीत खोटं बोलतो, हेही लक्षात ठेवा. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला हे चिकटलेलं काय आहे ते ओळखता येत नाही. तो आपला ९८ दाखवत राहतो. डॉक्टरकडे गेलात तर रक्ताची कार्बॉक्सिहिमोग्लोबिनची तपासणी मागा, आणि लवकर जा, कारण मोकळ्या हवेत काही तासांत ते प्रमाण उतरतं.

आणि अलार्म वाजला नाही म्हणजे सगळं छान, असंही नाही. अमेरिकेतले हे अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) तासभर तरी गप्प राहतात, चार तासांपर्यंतही राहू शकतात. ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत ओरडतात. ३० पीपीएमच्या आसपास रेंगाळणारी हवा त्यांच्या हिशेबात शांतताच. म्हणून गॅस कंपनीच्या माणसाच्या हातातला मीटर हवा.

आता तुमच्या घराच्या पोटात काय चाललंय ते बघू.

तुमचा वॉटर हीटर हे जुन्या पद्धतीचं यंत्र. त्याला पंखा नाही. खाली बर्नर, मधून वर जाणारी नळी, आणि डोक्यावर पत्र्याची एक टोपी. टोपी आणि टाकीच्या मध्ये दोन-तीन बोटांची उघडी फट असते. जळलेला गॅस गरम असल्यामुळे हलका होतो, आपणहून वर जातो, धुराड्यात शिरतो. गावाकडच्या चुलीवरचं धुराडं चालतं त्याच तत्त्वावर. चूल नीट पेटली, धुराडं तापलं की धूर सरळ वर. सकाळी थंडगार धुराड्याखाली ओल्या काटक्या घातल्या की धूर सगळ्या घरात आणि आजीच्या डोळ्यांत. फरक इतकाच की चुलीचा धूर डोळ्यांत झोंबतो, त्यामुळे माणूस उठून दार उघडतो. इथे झोंबणारं काही नाही. रंग नाही, वास नाही.

आता त्या हीटरशी भांडणारं दुसरं यंत्र वर स्वयंपाकघरात आहे. मोठी चिमणी बसवली असेल तर ती मिनिटाला ९०० घनफूट हवा बाहेर फेकू शकते. दहा बाय बाराच्या खोलीत, आठ फुटांच्या छताखाली, एकूण हवाच ९६० घनफूट. म्हणजे एक आख्खी खोली मिनिटाभरात रिकामी. तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. खिडक्या बंद, दारांना रबरी पट्ट्या, मग ती येते सगळ्यात सोप्या वाटेने: धुराड्यातून उलटी. येताना हीटरचा धूरही त्या टोपीच्या फटीतून बेसमेंटमध्ये ढकलते. इथली घरबांधणीची नियमावली ४०० घनफुटांपुढच्या चिमणीला अशा घरात बाहेरून हवा आणून देणारी वेगळी सोय मागते, ती काही हौस म्हणून नाही. आपल्या लोकांच्या घरी मी हे फार पाहिलंय. फोडणीच्या वासाला घाबरून सगळ्यात मोठी चिमणी घेतात, आणि तिला हवा कुठून मिळणार हे विकणाराही सांगत नाही, घेणाराही विचारत नाही.

हीटरच्या डोक्याकडे टॉर्च मारून बघा. गरम-थंड पाण्याच्या नळ्या जिथे टाकीत शिरतात तिथे लाल-निळ्या प्लास्टिकच्या चकत्या असतात. त्या वितळून वेड्यावाकड्या झाल्या असतील, टोपीखाली टाकीच्या पत्र्यावर गंजाचं वर्तुळ उमटलं असेल, किंवा वरच्या पाइपच्या सांध्यांवर पांढरी भुकटी जमली असेल, तर धूर तिथून बाहेर सांडत आलेला आहे. त्याला कुणाची साक्ष लागत नाही.

उदबत्तीचा प्रयोगही आहे. पण तुमच्या घरी मुलाला त्रास होतोय, तेव्हा गॅस कंपनीचा माणूस येऊन गेल्याशिवाय आणि अलार्म शेजारी असल्याशिवाय तो करू नका. गॅसचा वास येत असेल तर काडीच ओढू नका. खिडक्या, बाहेरची दारं बंद करायची. चिमणी पूर्ण जोरात, बाथरूमचे पंखे आणि ड्रायर चालू. गरम पाण्याचा नळ सोडून हीटर पेटू द्यायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि पेटती उदबत्ती टोपीच्या फटीपाशी धरायची. धूर आत ओढला गेला तर ठीक. तुमच्या तोंडावर आला तर हीटर बंद, पंखे बंद, खिडक्या उघड्या, आणि तज्ज्ञ येईपर्यंत थंड पाण्याने आंघोळ.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. इथे आल्यावर घेतलेल्या पहिल्या घरात मीही आवाज नको म्हणून फर्नेसच्या खोलीचं जाळीचं दार काढून छान भरीव लाकडी दार लावलं होतं. दिवसभर लोकांच्या फर्नेस तपासत हिंडणारा माणूस! दिवाळीच्या आदल्या रात्री वर चकल्या तळणं चाललं होतं, खाली मी काहीतरी शोधायला गेलो आणि दार उघडताच उबट, दमट वाफ अंगावर आली. गॅस जळताना पाणी तयार होतं. एक थर्म (गॅसच्या बिलावरचं माप) गॅस जळला की सुमारे चार लिटर. ते पाणी धुराड्याऐवजी माझ्या खोलीत मुक्कामाला आलं होतं. देवघरातली उदबत्ती आणून धरली तर धूर सरळ माझ्या चष्म्यावर. चकल्या अर्ध्यावर राहिल्या. दार दुसऱ्या दिवशी निघालं.

म्हणून तुमच्या ह्यांच्या त्या घट्ट दाराला माझा ठाम नकार आहे, निदान हा हीटर आहे तोवर. खोलीतलीच हवा घेऊन जळणाऱ्या उपकरणाला ताशी दर १,००० बीटीयूमागे (बीटीयू हे उष्णतेचं माप) ५० घनफूट जागा लागते, असा नियम आहे. ४० गॅलनच्या हीटरचे साधारण ४०,००० बीटीयू धरले तर २,००० घनफूट, म्हणजे आठ फुटी छताची २५० चौरस फुटांची मोकळी जागा. तुमचं कपाट सहा बाय सहाचं धरलं तरी तीनशे घनफुटांचंही नाही. दारच हवं असेल तर बेसमेंटच्या मोकळ्या भागाकडे उघडणारे दोन झरोके हवेत, एक छतापासून फूटभराच्या आत, दुसरा जमिनीपासून फूटभराच्या आत, प्रत्येकी निदान १०० चौरस इंच मोकळे. मोकळे म्हणजे खरोखर मोकळे. लाकडी पट्ट्यांच्या जाळीत पाऊण जागा पट्ट्याच खातात. आणि हे झरोके सासूबाईंच्या खोलीत उघडून चालणार नाहीत. झोपण्याच्या खोलीतली हवा अशा हीटरने वापरायची नसते.

आता काँट्रॅक्टरच्या प्रस्तावाकडे येतो. प्लास्टिकच्या पाइपांची काळजी नको. ९६ टक्क्यांची फर्नेस धुरातली उष्णता इतकी शोषून घेते की बाहेर पडणारी हवा कोमट असते, तिला पीव्हीसी पुरतं. तुमच्या जुनीचा धूर मात्र तीनशे फॅरनहाइटच्या पुढे जाणारा, त्याला पत्राच हवा. काँट्रॅक्टरचं ते बरोबर आहे. चुकतंय ते "हीटर तसाच ठेवू" इथे.

आजवर त्या धुराड्यात दोघं धूर सोडत होते. त्यातली फर्नेस दांडगी. तुमच्या घराला बहुधा लाखभर बीटीयूची असेल. तिच्यामुळे विटा तापायच्या आणि बारकासा हीटर तिच्या जिवावर निभावून जायचा. फर्नेस निघून बाजूच्या भिंतीतून गेली की हीटर एकटा उरतो, तोही बाहेरच्या भिंतीला लागलेल्या, तीन बाजूंनी वारा खाणाऱ्या धुराड्यात. ३० जानेवारी २०१९ ला इथे पारा उणे २३ फॅरनहाइटला गेला होता, सेल्सिअसमध्ये उणे ३० च्याही खाली. अशा रात्री ४०,००० बीटीयूच्या कोमट धुराने ते उंच धुराडं तापणार कसं? धूर मध्येच गारठतो, वर चढत नाही, त्यातलं पाणी आतल्या भिंतीवर सुटतं. ते आम्लयुक्त असतं. सांध्यांतला चुना खातं, आतले तुकडे सुटून खाली पडतात, आणि एखाद्या वर्षी वाटच बंद. या धंद्यात अशा हीटरला अनाथ म्हणतात.

नियमावलीत याचं मापही आहे. धुराड्याच्या पोकळीचं क्षेत्रफळ हीटरच्या तोंडाच्या सात पटींपेक्षा मोठं नको. तीन इंची तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस इंच, म्हणजे पोकळी ४९ च्या आत. बाहेरच्या भिंतीच्या धुराड्याला नियम याहून कडक आहेत. काँट्रॅक्टरला विचारा, "धुराड्याची आतली मापं घेतलीत का?" तो तुमच्याकडे नुसता बघत राहिला तर दुसरा काँट्रॅक्टर बघा.

यावर उपाय दोन. पहिला, धुराड्यात वरपासून खालपर्यंत योग्य मापाची धातूची नळी सोडायची, म्हणजे लायनर. दुसरा, आणि माझं मत याच बाजूचं, हीटरही आत्ताच बदलायचा. बाहेरून हवा घेणारा, स्वतःच्या पंख्याने धूर बाहेर टाकणारा घ्या. मग धुराडं वरून बंद करून टाकता येईल, चिमणीने कितीही ओढलं तरी हीटरला फरक पडणार नाही, आणि ह्यांना त्यांचं दारही मिळेल. विजेवरचे हीट पंपवाले हीटर चांगले आहेत, बिलही कमी येतं, पण ते आजूबाजूची हवा गार करतात. साताऱ्याहून येणाऱ्या माणसांच्या शेजारच्या खोलीत मी तो ठेवणार नाही.

फर्नेस बसवताना तुम्ही स्वतः उभं राहून बघाव्यात अशा काही गोष्टी आहेत. दोन पाइपांपैकी एक हवा आत आणतो, एक बाहेर टाकतो. काही कारागीर वेळ वाचवायला आतला जोडतच नाहीत, बेसमेंटचीच हवा घेऊ देतात. दोन्ही जोडून घ्या. बाहेर टाकणारा पाइप फर्नेसकडे उतरता हवा, दर फुटाला पाव इंच, म्हणजे सुटलेलं पाणी मागे येऊन निचऱ्यातून जाईल. तो मध्येच लोंबला की तिथे पाणी साचतं, आणि पहाटे तीनला, नेमकी सगळ्यात थंड रात्र गाठून, फर्नेस बंद पडते. सांधा जोडण्याआधी त्यावर प्रायमर लावला का बघा, बहुतेक जांभळा असतो, दिसतो. या पाइपात धूर दाबाने जातो, त्यामुळे कच्चा सांधा म्हणजे थेट घरात गळती.

बाहेरची तोंडं बर्फाच्या अपेक्षित उंचीच्या वर निदान १२ इंच. २०११ च्या फेब्रुवारीत ओहेअर विमानतळावर २१ इंच बर्फ पडला होता, त्यावरून काय ते ठरवा. डेकखाली नको, गॅसच्या मीटरजवळ नको, येण्याजाण्याच्या वाटेवर नको, कारण त्यातून थेंब गळून बर्फाची पाटी तयार होते. आणि बेसमेंटमध्ये झोपायची खोली करताय म्हणजे बाहेर पडता येईल एवढी खिडकी आणि तिच्याबाहेरचा खड्डा करावा लागणार. त्या बाजूच्या भिंतीतून पाइप मुळीच काढू देऊ नका. निघालेला धूर त्या खड्ड्यात उतरून सासऱ्यांच्या खिडकीपाशी बसायला नको.

गॅसच्या नळीवर फर्नेसपासून सहा फुटांच्या आत बंद करायची चावी आणि कचरा धरणारा खाली लोंबता तुकडा, हे दोन्ही हवेत. काम झाल्यावर कारागिराने गॅसचा दाब मोजायला हवा, नैसर्गिक गॅसच्या बहुतेक फर्नेसला बर्नरपाशी तो पाण्याच्या स्तंभाच्या मापात ३.५ इंच असतो, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड यंत्राने मोजून त्याचा छापील कागद द्यायला हवा. नुसतं "ज्योत छान निळी आहे" चालणार नाही. किती बीटीयूची फर्नेस घ्यायची ते जुनीवरची पाटी वाचून ठरवू नका, घराचा उष्णतेचा हिशेब मागा.

राहिलं परमिट. बहुतेक उपनगरांत फर्नेस बदलायला ते लागतं, तुमच्या नगरपालिकेच्या इमारत खात्याला एक फोन केला की कळेल. पण मी कायद्यासाठी सांगत नाही. परमिट म्हणजे एक तिऱ्हाईत माणूस, ज्याला या कामात एक डॉलर मिळणार नाही, येऊन सांधे, उतार आणि धुराडं बघून जातो. वर लिहिलेला अनाथ हीटर एक बरा इन्स्पेक्टर दारातून शिरताच ओळखेल. तुमचा तो रोखीवाला माणूस वाईट असेल असं नाही, पण वाचवलेले पैसे म्हणजे बरोबर त्या दोन डोळ्यांची किंमत आहे.

सासूबाई-सासरे आले की पहिल्याच दिवशी त्यांना खोलीबाहेरच्या अलार्मचं टेस्टचं बटण दाबून आवाज ऐकवा. त्यांनी आयुष्यभर सिलिंडरच्या वासावर भरवसा ठेवलाय. वास नाही म्हणजे धोका नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असणार. चार वेळा पटपट पी-पी-पी-पी, मग थांबून पुन्हा चार, असं वाजलं तर काय झालं ते बघत न बसता वर येऊन सरळ बाहेर पडायचं, तुम्हाला फोन नंतर. अधूनमधून एकच टिक वाजली तर ती बॅटरी, तेव्हा घाबरायचं नाही. आणि त्यांचे कोट आणि बूट वरच्या कपाटात नीट लावून ठेवू नका. बाहेरच्या दारापाशीच असू देत.